गॉब्लिनच्या चेहऱ्याचा चिखल का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा महिने ग्रीन स्टफ नावाच्या पुट्टीत 28 मिलिमीटर मापाचा गॉब्लिन, म्हणजे पटावरच्या खेळातला कुरूप काल्पनिक प्राणी, घडवायची खटपट चालू आहे. तारेचा सांगाडा, धड, पाय, अंगरखा इथपर्यंत बरं जमतं. मग डोक्याचा गोळा लावून एका बैठकीत चेहरा काढायला घेतला की चिखल होतो. नाक ओढून काढलं की गाल खचतो, डोळ्याची खोबण दाबली की नाक चपटं होतं, आणि ते सावरेपर्यंत कपाळावर बोटाचा ठसा उमटलेला असतो. हात स्थिर नाही म्हणून नाद सोडावा, हत्यारांचा महागडा सेट घ्यावा, की सरळ संगणकावर मॉडेल करून थ्री-डी प्रिंट काढावी, असं विचारलंय.

हाताचा दोष असता तर अंगरख्याच्या चुण्याही जमल्या नसत्या. त्या जमतात म्हणताय, म्हणजे हात ठीक आहे. घोळ 'एका बैठकीत' या दोन शब्दांत आहे. मऊ गोळ्यावर एक जागा दाबली की तिथली पुट्टी नाहीशी होत नाही, शेजारी सरकते. अंगरख्यावर तिला सरकायला भरपूर जागा असते. या मापाच्या गॉब्लिनचं अख्खं डोकं पाच-सहा मिलिमीटरचं. तिथे डोळ्यातून सरकलेली पुट्टी थेट नाकात जाते.

मी मिरजेत दातांच्या लॅबमध्ये काम करतो. दिवसभर मेणात दाढा, आणि रात्री जेवणं उरकली की त्याच टेबललॅम्पखाली गॉब्लिन, ऑर्क, बुटके अशी काल्पनिक मंडळी. अठरा वर्षं झाली. सुरुवात भाचीच्या दिवाळीच्या किल्ल्यापासून झाली. बुरुजावरच्या मावळ्याचा भाला मोडला होता, तो एम-सीलने जोडताना उरलेल्या गोळ्याची मी त्याला पगडी चढवली. पगडी वाकडी होती, पण किल्ला मोडेपर्यंत दर दिवशी मी तीच बघत होतो.

दाढांचा उल्लेख उगाच केला नाही. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आधी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. ठोकळा घ्यायचा आणि नको तेवढं काढून टाकायचं. लॅबमध्ये कॅपसाठी दाढ घडवताना मात्र उलटंही चालतं. तापवलेल्या हत्याराच्या टोकावर मेणाचा थेंब घ्यायचा आणि ठेवायचा. दंतवैद्य पी. के. थॉमस यांच्या पद्धतीत आधी दाढेच्या प्रत्येक टोकासाठी मेणाचा एकेक शंकू उभा करतात, मग त्यांना जोडणाऱ्या कडा घालतात, मग मधली भर. थेंब काही सेकंदांत गोठतो, त्यामुळे पुढचा थेंब मागच्याला हलवत नाही. गॉब्लिनचं तोंड मी तसंच करतो. फरक एवढाच की मेणाला सेकंद लागतात आणि पुट्टीला रात्र लागते. ती रात्र तुम्ही तिला देत नाही आहात. सुरुवातीची दोन वर्षं मीही दिली नव्हती.

आता पुट्टीच्या घड्याळाकडे या. ग्रीन स्टफ म्हणजे नीडाटाइट ही दोन भागांची इपॉक्सी पुट्टी. पिवळा भाग रेझिनचा, निळा हार्डनरचा, म्हणजे तिला कडक करणारा. दोन्ही मळून एकसारखी हिरवी झाली की घड्याळ सुरू. पहिली वीस-पंचवीस मिनिटं ती च्युइंगगमसारखी चिकटते, आणि दाबलेली जागा जराशी परत फुगून येते. नवखा माणूस नेमका याच वेळात चेहरा काढायला बसतो, कारण पुट्टी मऊ आहे तोवर उरकायला हवं असं त्याला वाटतं. या वेळात ती फक्त जागेवर बसवा, ढोबळ आकार द्या आणि चहा प्या. चाळीस मिनिटांपासून साधारण सव्वा तासापर्यंत ती ताठ होत जाते, चिकटपणा कमी होतो, आणि सुईने पाडलेली रेघ पाडलेली राहते. कोरीव काम या वेळात करायचं. तीन-चार तासांनी ती चिवट चामड्यासारखी होते, तेव्हा ब्लेडने स्वच्छ कापता येते. पूर्ण कडक व्हायला चोवीस तास धरा.

हे आकडे सुखाच्या हवेतले. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी कामाची वेळ निम्म्यावर येते, म्हणून उन्हाळ्यात मी हरभऱ्याएवढीच पुट्टी मळतो. डिसेंबरात रात्री उलटं. तेव्हा जुना पिवळा बल्ब असलेला दिवा वीतभर अंतरावर ठेवतो, उबेने ती लवकर सेट होते. तुम्ही कुठे राहता ते लिहिलेलं नाही, तेव्हा माझ्या मिनिटांवर विसंबू नका. मळलेल्या पुट्टीतला एक तुकडा टेबलावर वेगळा ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्यावर सुईने रेघ मारून बघा. एका संध्याकाळीत तुमच्या घरचं वेळापत्रक कळेल.

मळण्याबद्दल दोन गोष्टी. ग्रीन स्टफ पट्टीच्या रूपात घेतली असेल तर निळा आणि पिवळा एकमेकांना चिकटलेले असतात ती मधली रेघ आधीच कडक व्हायला लागलेली असते. ती दोन-तीन मिलिमीटर रुंदीची कापून फेकून द्या. जीव तुटतो, पण द्या. नाहीतर पिठल्यात गुठळी राहावी तशी पुट्टीत कणी राहते आणि ती पापणीतच सापडते. दुसरं, प्रमाण बदलता येतं. पिवळा थोडा जास्त घेतला की पुट्टी मऊ आणि चिकट राहते, जुन्या थरावर छान बसते. निळा थोडा जास्त घेतला की ताठ होते, कडा धारदार येतात. चेहऱ्याला मी समसमान घेतो, दात आणि नखांना निळा किंचित वाढवतो.

परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगायला हवं. एक म्हणजे माप. 28 मिमी हे पटावरच्या खेळाचं माप आहे. त्यात डोकं आणि हात मुद्दाम मोठे करतात, कारण मूर्ती हातभर अंतरावरून बघायची असते. खऱ्या माणसाच्या उंचीत साडेसात डोकी बसतात असं धरतात. या मूर्तींत पाच-सहा बसली तरी चालतात, आणि गॉब्लिनला तर चारही खपून जातात. तेव्हा डोकं मोठं करायला लाजू नका. खेळाच्या मूर्ती काढणाऱ्या सिटाडेल कंपनीसाठी मूर्तिकार केव्ह अ‍ॅडम्स यांनी 1980 च्या दशकात केलेले गॉब्लिन बघा. नाक, जबडा आणि कान यांनीच तोंड भरून टाकलेलं, डोळे म्हणजे भुवयांच्या सावलीतल्या दोन फटी. त्या लहान जागेत काय मोठं करायचं आणि काय सोडून द्यायचं, हे त्या चेहऱ्यांवरून मी शिकलो.

दुसरं म्हणजे मूर्ती कशासाठी करताय. एकच करून रंगवायची असेल तर हवं ते करा. पुढे साचा करून ओतायची असेल तर नाकाखालची खोल पोकळी, धडापासून सुटलेला कोपर अशा जागा साच्यात अडकतात, त्यांचा विचार सांगाड्यापासूनच करावा लागतो. पांढऱ्या धातूच्या, म्हणजे कथिलाच्या मिश्रधातूच्या, मूर्तींचे रबरी साचे उष्णता आणि दाब देऊन पक्के करतात. मूळ मूर्तीला ते सोसावं लागतं, म्हणून या धंद्यात इपॉक्सी पुट्टी रुजली.

तिसरं, हाताशी काय साहित्य आहे. ग्रीन स्टफ आपल्याकडे स्वस्त नाही. आतली भर घालायला एम-सील चालतं, लवकर कडक होतं, मात्र चेहऱ्याला त्याचा पोत भरड वाटतो. मिलिपुट ही दुसरी इपॉक्सी पुट्टी, ते पाण्याने गुळगुळीत होतं आणि कडक झाल्यावर घासता येतं. ग्रीन स्टफ रबरासारखी असल्याने घासली की तंतू निघतात. म्हणून चिलखत, तलवारीची मूठ, ढाल यांना मी ग्रीन स्टफ आणि मिलिपुट निम्मं-निम्मं मिसळतो. तलवारीचं पातं तर पुट्टीत करूच नका. पितळी तार हातोडीने चपटी करा आणि कानस मारा, दहा मिनिटांचं काम.

आता चेहरा. मी चार रात्री घेतो, आणि कुठल्याही रात्री पाऊण तासाहून जास्त हात चालत नाही.

पहिल्या रात्री नुसती कवटी. टाचणी किंवा एक मिलिमीटरची तार बाटलीच्या बुचात खुपसायची आणि टोकाला तुरीच्या डाळीएवढी पुट्टी लावायची. तार गुळगुळीत असेल तर पुट्टी गरगर फिरते, म्हणून टोकाला पकडीने आधी बारीक आकडा वळवा. आकार वरून गोल, खाली जबड्याकडे निमुळता. ही कवटी शेवटच्या डोक्याहून लहान हवी. इथेच बहुतेकांचं चुकतं. कवटीच पुऱ्या मापाची केली की वर चढवलेल्या प्रत्येक थराने डोकं भोपळ्यासारखं फुगत जातं.

दुसऱ्या रात्री कडक कवटीच्या पुढच्या बाजूला अर्ध्या मिलिमीटरचा पातळ थर. अर्धा तास थांबून गोल टोकाच्या हत्याराने डोळ्यांच्या दोन खोबणी दाबा. आता खाली कडक कवटी आहे, त्यामुळे सरकलेली पुट्टी वर जाते आणि भुवईचा उंचवटा आपोआप तयार होतो. हा उंचवटा फुकटात मिळतो, तो पुसू नका. खोबणीत खसखशीच्या दाण्याहून लहान अशी एकेक गोळी ठेवा. गोळी बोटाने ठेवता येत नाही. सुईचं टोक पाण्यात बुडवून तिच्यावर उचलायची. तोंडाची फट ब्लेडने पाडा आणि खालचा जबडा एकदाच, हलकेच खाली ओढा. मग दिवा बंद करा. आणखी थोडं करूया असं वाटेल. नका करू.

तिसऱ्या रात्री पापण्या आणि नाक. डोळ्यांच्या गोळ्या आता खड्यासारख्या टणक आहेत. शेवईहून बारीक सळी वळा, तिचा मिलिमीटरभर तुकडा डोळ्याच्या वर ठेवा. त्याची वरची कड भुवईत मिसळायची, खालच्या कडेला हात लावायचा नाही. ती तशीच सुटी राहिली की पापणी दिसते. खालची पापणी तशीच, उलट्या बाजूने. मग नाक: अश्रूच्या आकाराचा थेंब, निमुळतं टोक दोन डोळ्यांच्या मध्ये, जाड टोक खाली लोंबतं. त्याचीही फक्त वरची बाजू मिसळा. नाकपुड्या चाळीस मिनिटांनंतर, सुई आत घालून वरच्या दिशेने उचलून. सरळ टोचलीत तर तिथे नुसतं भोक दिसेल. उचलल्यावर कड बाहेर येते आणि नाकपुडी होते. गाल यानंतर, दोन चपट्या टिकल्या, नाकाच्या बाजूने तोंडाच्या कोपऱ्याकडे नेलेल्या. गाल आणि नाक यांच्यामधली घडी कोरावी लागत नाही, दोन थर जिथे भेटतात तिथे ती असतेच.

चौथ्या रात्री ओठ, दात, कान, चामखीळ. कानाला मी आधी तारेचा तुकडा खुपसून ठेवतो, नाहीतर रंगवताना मोडतो. दात म्हणजे निळा वाढवलेल्या पुट्टीचे टोकदार कण, सरळ रांगेत नकोत.

म्हणजे चार रात्रींत प्रत्येक नव्या मऊ तुकड्याच्या खाली काहीतरी कडक असतं, आणि एका वेळी चेहऱ्याचे मोजकेच भाग मऊ असतात. रोज हरभऱ्याएवढी पुट्टी मळून त्यातली मोहरीएवढीच लागते, मग उरलेलीचं काय, हा प्रश्न येईलच. त्यासाठी मी एका वेळी चार-पाच गॉब्लिन चालू ठेवतो. एकाची कवटी, दुसऱ्याची पापणी, तिसऱ्याचा पट्टा. तरीही उरली तर गॉब्लिनच्या कमरेच्या पिशव्या आणि मूर्तीच्या तळावरचे दगड करतो.

थर चढवताना एक धोका आहे. पुट्टी हत्याराला चिकटू नये म्हणून पाणी किंवा व्हॅसलीन लावतात. पाणी उडून जातं, व्हॅसलीन राहतं. माझ्या एका ऑर्कचे दोन्ही कान प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा हात, मारताना गळून पडले, कारण आदल्या रात्रीचं व्हॅसलीन तसंच होतं. नवा थर देण्याआधी जुन्या टूथब्रशने भांड्याच्या साबणाने धुवा आणि पूर्ण सुकू द्या.

हत्यारांचा सेट घेऊ नका. मी बारा नगांचा स्टीलचा सेट मागवला होता. त्यातले नऊ अजून डब्यात आहेत आणि उरलेल्या तिघांची टोकं मला घासून बदलावी लागली. दातांचं सामान विकणाऱ्या दुकानात लेक्रॉन कार्व्हर, म्हणजे मेण कोरायचं हत्यार, मागा. एका टोकाला पातं, दुसऱ्याला लहानसं पळीसारखं टोक. सत्तर टक्के काम यावर होतं. त्याशिवाय पेन्सिलीत किंवा पिन व्हाइसमध्ये (बारीक टोकं पकडणाऱ्या छोट्या मुठीत) बसवलेली एक शिवणाची सुई, 11 नंबरचं सर्जिकल ब्लेड, आणि सांधे पुसायला रबरी टोकाचा एक ब्रश. हत्यार नवं असलं तरी पॉलिश पेपरने घासा, 1000 नंबरने, मग 2000 ने, पाणी लावून. खरखरीत धातूला पुट्टी धरते आणि दोष हाताला लागतो. पॉलिश केल्यावर माझा निम्मा वैताग गेला होता.

थरथरीबद्दल: हात सगळ्यांचा थरथरतो, दाढा घासणाऱ्या डॉक्टरचाही. दंतवैद्यकात फिंगर रेस्ट म्हणतात, म्हणजे हत्यार धरलेल्या हाताची करंगळी किंवा अनामिका शेजारच्या दातावर टेकवायची. इथे बूच डाव्या हातात धरा, दोन्ही मनगटं टेबलाच्या कडेला टेकवा आणि उजव्या हाताची करंगळी डाव्या अंगठ्यावर ठेवा. मग दोन्ही हात एकत्र हलतात आणि सुई नाकाच्या संदर्भात स्थिर राहते. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डोळे तपासा. मी अडीच नंबरचा वाचायचा चष्मा कामापुरता लावतो, डोक्यावरचं भिंग फक्त पापणीला. भिंगातून सगळं काम केलं की कुणालाही न दिसणाऱ्या सुरकुत्या कोरण्यात रात्र जाते.

डिजिटलचं उत्तर तुमच्या हेतूवर आहे. मूर्ती विकायच्या असतील, एकाच सैनिकाचे वीस अवतार हवे असतील, तर संगणक घ्या. व्यवसाय बहुतांश तिकडेच गेलाय आणि त्याला कारण आहे: चूक मागे घेता येते, डावा कान उजवीकडे उलटवता येतो, माप हवं तसं बदलता येतं. पण चेहरा जमत नाही म्हणून जाणार असाल तर थांबा. भुवई कुठे संपते आणि पापणी कुठे सुरू होते हे माहीत नसेल तर पडद्यावरही चिखलच होतो, फक्त तो गुळगुळीत असतो. त्यापेक्षा एक डोकं तिप्पट मापात करा, लिंबाच्या बीऐवजी सुपारीएवढं. कारखान्यात प्लास्टिकच्या मूर्तींसाठी मूळ नमुना तिप्पट आकारात करून पँटोग्राफ या आकार लहान-मोठा करून उतरवणाऱ्या यंत्राने लहान करण्याची पद्धत होतीच. मोठ्या मापात चेहरा जमला तर अडचण बारीक कामाची आहे. तिथेही नाही जमला तर आरशासमोर बसून स्वतःचं तोंड वेडंवाकडं करा आणि बघून काढा. घरचे हसतील.

न विचारलेली एक गोष्ट. न सेट झालेली इपॉक्सी उघड्या बोटांनी वर्षानुवर्षं मळू नका. माझ्या दोन बोटांची कातडी फुटू लागली तेव्हा शहाणपण आलं. एकदा त्वचेला ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही. मळताना नायट्राइलचे हातमोजे घाला, मळून झाल्यावर काढले तरी चालतात, कारण पुढचं काम हत्याराने होतं. सुई ओली करायला जिभेला लावायची सवय असेल तर आजच मोडा. कडक पुट्टी घासायची तर पाणी लावून, नाहीतर मास्क घालून.

राहता राहिलं एक, डोकं धडावर लावूनच करायचं की वेगळं. मी वेगळं करतो, बुचावर सगळ्या बाजूंनी फिरवता येतं आणि चेहरा बिघडला तर धड वाचतं. जोखीम एकच, हरवण्याची. चार रात्री घालवलेलं माझं एक डोकं सुटून मोझेकच्या लादीवर उडालं. मोझेकमध्ये हिरवे ठिपके असतात हे मला त्या दिवशी कळलं. सकाळी केर निघाला, त्यात गेलं. लॅबशेजारच्या सोनाराला हे सांगितलं तर त्याने त्याच्या पाटाखाली ताणून लावलेलं कातडं दाखवलं, सोन्याचा कीस त्यात पडतो. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या कडेला जुना पांढरा पंचा टाचलेला असतो आणि त्याचं दुसरं टोक मांडीवर. गेल्या महिन्यात तो झटकला तर दोन कान आणि एक डावा हात निघाला.